हस्की राखण करेल का?

प्रश्न: मला सायबेरियन हस्की पाळायचाय, ते निळे डोळे बघून वेडच लागतं. घरचे म्हणतात तो अर्धा लांडगा असतो, मित्र म्हणतो हस्की आणि मॅलम्यूट एकच. खरं काय? आणि घराची राखण करेल ना?

उत्तर: राखणीचं आधी सांगून टाकतो, नाही करणार. चोर आला तर शेपूट हलवत त्याच्या अंगावर खेळायला जाईल. भुंकतोही कमीच, त्याऐवजी मान वर करून लांब सूर लावतो, लांडग्याची अफवा बहुतेक त्यामुळेच. पण तो शंभर टक्के कुत्राच आहे हो, ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी हलकी स्लेज, म्हणजे बिनचाकी घसरगाडी, ओढत बर्फावरून लांब लांब धावायला तयार केलेला.

१९०९ च्या सुमारास हे कुत्रे अलास्कात नोमला पोचले तेव्हा तिथली मंडळी त्यांना सायबेरियन उंदीर म्हणून हसली, इतके लहान दिसत होते. १९१० मध्ये याच उंदरांनी ४०८ मैलांची शर्यत साधारण ७४ तासांत मारली, मग सगळे गप्प. १९२५ ला नोममध्ये घटसर्प पसरला तेव्हा औषध स्लेजवरून रिलेने ६७४ मैल नेलं, शेवटच्या टप्प्याला बाल्टो नावाचा कुत्रा पुढे होता म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा त्याचा झाला, पण सगळ्यात लांब आणि जोखमीचा टप्पा सेप्पाला या स्लेजचालकाच्या टोगो कुत्र्याने काढला, तेही म्हातारपणी. मला विचाराल तर पुतळा टोगोचाच हवा होता.

मॅलम्यूट वेगळा. तो जड ओझं ओढणारा, नर ३८ किलोच्या आसपास. हस्कीचा नर २० ते २७ किलो, काम वेगाचं. आणि जातीच्या नियमांत निळे डोळे मॅलम्यूटला चालतच नाहीत, तपकिरीच लागतात, हस्कीचे मात्र निळे, तपकिरी, एक असा एक तसा, काहीही.

आता पाळायचं म्हणाल तर डोळे विसरा आणि पाय बघा. रोज भरपूर पळवला नाही तर सोफा फाडेल, कुंपणाखालून उकरून बाहेर पडेल, आणि एकदा सुटला की हाक मारत बसा, मागे वळून बघणार नाही, म्हणून मोकळ्यावर पट्टा सोडायचाच नाही. मांजर असेल तर जपून. केस दुहेरी, वर्षातून दोनदा आतला थर असा गळतो की घरभर कापूस पिंजल्यासारखं होतं, तरी उन्हाळ्यात गार वाटेल म्हणून भादरू नका, तेच केस उन्हापासूनही वाचवतात.