दोनदा पकडला गेला तरी फेल्प्सला कळलं नाही का?

प्रश्न : अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स दारू पिऊन गाडी चालवताना एकदा नाही तर दोनदा पकडला गेला होता हे मला आत्ता कळलं. २८ ऑलिम्पिक मेडल्स, वर्षानुवर्षं पाण्यात घाम गाळणारा माणूस, एवढी शिस्त, आणि साधी टॅक्सी बोलवता आली नाही? खरं सांगायचं तर मला खूप राग आला. अशा माणसाला आपण परत डोक्यावर का घेतो?

उत्तर : राग येणं अगदी बरोबर आहे, दोन्ही वेळा रस्त्यावर इतर माणसं होती आणि कोणाला काही झालं नाही हे नशीबच म्हणायचं. पण तुम्ही शिस्तीबद्दल जे लिहिलंय ना, तिथेच मला थांबावंसं वाटतं.

आधी तारखा बघा. ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्सला ६ गोल्ड आणि २ ब्राँझ, आणि नोव्हेंबरमध्ये मेरीलँडमधल्या सॅलिसबरीला पोलिसांनी पकडलं, वय फक्त १९, म्हणजे अमेरिकेत दारू प्यायचंही वय नाही. गुन्हा कबूल केला, १८ महिने प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींवर बाहेर राहणं) आणि २५० डॉलर दंड झाला, शाळांमध्ये जाऊन मुलांशी यावर बोलायचं ठरलं. मग २००८ ला बीजिंगमध्ये ८ गोल्ड आले आणि २००४ ची गोष्ट लोकांच्या डोक्यातून गेली. २०१२ ला लंडननंतर त्याने रिटायरमेंट घेतली, २०१४ मध्ये परत आला, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बॉल्टिमोरमध्ये ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ८४ मैलांनी, म्हणजे ताशी १३५ किलोमीटरने गाडी पळवताना सापडला. रक्तातलं अल्कोहोल ०.१४ टक्के आणि तिथली मर्यादा ०.०८ टक्के.

आता शिस्तीचं. पोहणाऱ्याचा अख्खा दिवस कोच आखून देतो, फेल्प्सला तर बॉब बोमनने अगदी लहानपणापासून घडवलं, कधी उठायचं, किती पोहायचं सगळं ठरलेलं. ऑलिम्पिक संपली की ते टाइमटेबलच गायब होतं. फेल्प्सने पुढे स्वतःच सांगितलंय की प्रत्येक ऑलिम्पिकनंतर त्याला डिप्रेशन यायचं आणि लंडननंतर तर तो तीन ते पाच दिवस खोलीत एकटा बसून होता, खाणं नाही, झोप नाही, जगायचीच इच्छा नव्हती. म्हणजे पाण्यातली शिस्त खरीच होती, पण ती पाण्याबाहेरच्या दुखण्यावरचं औषध नव्हती, आणि मेडल्स येत राहिल्यामुळे आत काही बिघडलंय असं बघणाऱ्यांच्या मनातही आलं नाही. माझ्या मते दोन अटकांमधली ती दहा वर्षं तिथेच गेली.

दुसऱ्या अटकेनंतर तो अ‍ॅरिझोनातल्या 'द मेडोज' या उपचार केंद्रात ४५ दिवस राहिला. शिक्षाही झालीच, एक वर्षाची कैद पण स्थगित, १८ महिने देखरेखीखाली प्रोबेशन, अमेरिकेच्या स्विमिंग संघटनेने ६ महिने बंदी घातली आणि २०१५ च्या रशियातल्या कझान वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या टीममधून काढलं. मला हे दोन्ही हवंच वाटतं, शिक्षा पण आणि उपचार पण, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

कझानला स्पर्धा चालू होती त्याच दिवसांत तो सॅन अँटोनियोला अमेरिकन नॅशनल्समध्ये पोहला आणि १०० मीटर बटरफ्लायमध्ये ५०.४५ सेकंद काढले, कझानच्या विजेत्यापेक्षा कमी. रिओला मग ५ गोल्ड, १ सिल्व्हर. पण एक सांगते, रिओची मेडल्स म्हणजे तो बरा झाल्याचा पुरावा असं नका धरू, कारण मग आपण परत तीच चूक करतो, बीजिंगची मेडल्स बघून सगळं ठीक आहे असं समजायची. रिओला तो शेवटचा आला असता तरी ते ४५ दिवस तेवढेच मोलाचे होते. मी त्याला मानते ते नंतर इतकी वर्षं तो डिप्रेशनबद्दल उघड बोलतोय म्हणून.

प्रश्न : गोल्फर टायगर वूड्सलाही २०१७ मध्ये असंच गाडी चालवण्यावरून पकडलं होतं, पण त्याच्या टेस्टमध्ये अल्कोहोल शून्य निघालं. मग गुन्हा कसला?

उत्तर : नशा फक्त बाटलीतून येत नाही. फ्लोरिडातल्या ज्युपिटरमध्ये तो गाडीत स्टिअरिंगवर झोपलेला सापडला, तपासणीत वेदनाशामक ओपिऑइड्स, चिंतेवरची गोळी, झोपेची गोळी आणि गांजाचा घटक असं सगळं एकत्र निघालं. तेव्हा नुकतंच पाठीचं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असली तरी ती घेऊन गाडी चालवता येते असं नाही, आणि अशा गोळ्या एकत्र घेणं तर जिवावर बेतू शकतं. शेवटी बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा त्याने कबूल केला.

प्रश्न : माझा दादा रोज पितो आणि गाडी चालवतो. म्हणतो मला चढत नाही, आजवर कधी ठोकली का? काय बोलू?

उत्तर : तुमचं पत्र मी परत परत वाचलं. दारू सगळ्यात आधी मेंदूतली विचार करायची ताकद बोथट करते, म्हणून 'मी ठीक आहे' हा निर्णय जो मेंदू देतोय तोच प्यायलेला असतो. रोजच्या सवयीने पाय लडखडत नाहीत, जीभ अडखळत नाही, पण ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ वाढलेलाच असतो. कॉफी, आंघोळ, लिंबू कशाने उतरत नाही, लिव्हर रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ टक्के एवढंच कमी करतं, म्हणजे फेल्प्ससारखं ०.१४ वरून शून्यावर यायला नऊ तासांच्या वर. रात्री उशिरापर्यंत पिऊन सकाळी निघालेला माणूसही प्यायलेलाच असू शकतो.

प्यायलेला असताना वाद घालू नका, तेव्हा फक्त किल्ली काढून घ्या, भांडला तरी चालेल. बोलायचं ते सकाळी, एकट्याशी, 'तू दारुडा आहेस' असं न म्हणता 'काल तू गाडी काढलीस तेव्हा मी जागी होते' असं. मेरीलँडमध्ये २०१६ पासून असा गुन्हा सिद्ध झालेल्यांच्या गाडीत फुंकल्यावर श्वासात दारू सापडली तर इंजिन सुरूच होऊ न देणारं यंत्र बसवायचा कायदा आहे, पण घरात ते यंत्र तुम्हालाच व्हावं लागेल सध्या. आणि एक फार महत्त्वाचं, तो उद्या जोशात येऊन 'आजपासून बंद' म्हणाला तर खूश होऊन एकट्याला सोडू नका, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली तर हातपाय थरथरतात, फिट्स येऊ शकतात, भ्रम होतो, म्हणून आधी डॉक्टरकडे न्या आणि रोज किती पितो ते दादासमोरच डॉक्टरांना खरं सांगा, कमी करून सांगू नका.