कमी उजेडात आयएसओ जास्तीत जास्त किती ठेवावा? ८०० च्या वर गेलं की फोटो खराब होतो हे खरं आहे का?

नाही. (आयएसओ म्हणजे सेन्सरवर पडलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो त्याचा आकडा.) आणि हे ८०० चं खूळ तुमच्या डोक्यात ज्याने घातलंय त्याला माझा लांबूनच नमस्कार, कारण असेच एकजण मलाही भेटले होते.

झालं असं, धाकट्या बहिणीचं स्टेजवरचं पहिलं नाटक होतं. माझ्याकडे नवाकोरा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स, आणि शेजारच्या खुर्चीत आमच्या फोटोवाल्या ग्रुपमधले सीनियर, सगळे त्यांना दादा म्हणतात. दादांचा नियम एकच, आयएसओ ८००, बास, 'नॉईझ आला की फोटो कचऱ्यात.' नॉईझ म्हणजे फोटोत दिसणारे बारीक दाणे. मी आपलं निमूट ऐकलं. आता ५५ ला झूम केल्यावर ती लेन्स एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), आयएसओ मी बांधून ठेवलेला, मग कॅमेरा बिचारा काय करणार, त्याने शटर आणलं १/१० सेकंदावर, म्हणजे तेवढा वेळ ते उघडं. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं हो. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर शेवटच्या प्रवेशात ती खुर्चीतून उठून मागे वळते, अख्ख्या नाटकातला तेवढाच एक फोटो मला हवा होता, त्यात खुर्चीच्या पाठीवरचे खिळे मोजून घ्या इतके स्पष्ट आणि बहिणीचा चेहरा ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, समोरचा माणूस नाही, हे मला त्या खिळ्यांनी शिकवलं.

दादांना दाखवलं तर म्हणाले, 'ट्रायपॉड आणायचास ना.' अहो, ट्रायपॉड लावला म्हणून ती हलायची थांबली असती का? ह्यावर अजून उत्तर मिळालेलं नाही.

१/१० चं १/८० करायला तीनच स्टॉप लागतात, एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. ८०० चे १६००, मग ३२००, मग ६४००. तेवढं केलं असतं तर वळताना नाही तरी वळून थांबल्यावरचा चेहरा नक्की मिळाला असता, थोडा दाणेदार, पण चेहरा! नॉईझ सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी होतो, हललेल्या चेहऱ्याचं काय करणार? आणि नॉईझ मुळात येतो तो उजेड कमी मिळाला म्हणून, ८०० वर काळपट काढून नंतर उजळवलात तरी तो सावल्यांमधून वर येतोच, करून बघा.

म्हणून मी आता आधी शटर ठरवतो. बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, नाच असेल तर १/५००. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं. आयएसओ ऑटोवर, येईल तो येईल. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची. मागे सगळं काळं असेल तर कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरे फट्ट करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -१, म्हणजे कॅमेऱ्याला एक स्टॉप काळपट काढायला सांगायचं, त्यात आयएसओही एक स्टॉप खाली येतो, फुकटचा फायदा. आणि जमलं तर ५० एमएम एफ १.८ घ्या, ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत येतो. फक्त जवळून काढताना एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर असं होतं, दोघं पुढेमागे उभे असतील तर एकावर पाणी सोडायचं.

हां, इमारत, पूल, रिकामा रस्ता असलं न हलणारं काही काढायचं असेल तर दादा बरोबर आहेत, ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० आणि दहा सेकंद शटर उघडं ठेवा. कॅमेरा जुना किंवा सेन्सर छोटा असेल तर ६४०० खरंच बघवत नाही, तेही मान्य. तुम्ही मॉडेल लिहिलं नाहीये म्हणून नेमका आकडा देत नाही, एकाच खोलीत ८०० पासून ६४०० पर्यंत काढून बघा, कुठे नकोसं वाटतं ते तुमचं तुम्हाला कळेल.

परवा दादांनी ग्रुपवर गाण्याच्या कार्यक्रमातला एक फोटो टाकला, गायिकेचा हात हवेत, सुंदर आलाय. डिटेल्स उघडून बघितले, आयएसओ ५०००. मी काही बोललो नाही, नुसता अंगठा दिला.