'पेशींची आत्महत्या' आणि 'पुटिका मुक्त करणे'

आरोग्यविषयक मजकुराचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने हे वाक्य पाठवलं आहे : 'रोगप्रतिकारक पेशी पेशीमृत्यूचे नियमन करतात व प्रभावक पुटिका मुक्त करतात.' त्यांचे प्रश्न दोन. 'अपॉप्टोसिस'ला, म्हणजे पेशीच्या शिस्तबद्ध, ठरल्या रीतीच्या मृत्यूला, 'पेशींची आत्महत्या' म्हणावं का? आणि 'व्हेसिकल'ला, म्हणजे पेशीतल्या पडद्याच्या सूक्ष्म पिशवीला, 'पुटिका' चालेल का?

'आत्महत्या' नको, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे हा शब्द फार जड आहे, तो पेशींसाठी सहज वापरावा असं वाटत नाही. पण त्याहून महत्त्वाचं कारण अर्थाचं आहे. अपॉप्टोसिस हे मरण्याच्या रीतीचं नाव आहे. कोणी मारलं, हे त्या नावात कुठेच नाही. 'आत्महत्या' मात्र नेमकं तेच सांगते, आणि रोगप्रतिकारक पेशींच्या बाबतीत चुकीचं सांगते.

हा शब्द शास्त्रात आला 1972 साली. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी या तिघांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मधल्या निबंधात तो मांडला. सुचवला होता ॲबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी, आणि निबंधात त्यांचे आभारही आहेत. ग्रीकमध्ये फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पानं गळण्याला हा शब्द आहे. त्याआधी केर याच प्रकाराला 'आकसून होणारा नेक्रोसिस' (नेक्रोसिस म्हणजे पेशीचा विस्कळीत मृत्यू) अशा अर्थाचं नाव वापरत होते. गंमत म्हणजे ग्रीक 'आपो' आणि आपला 'अप', ग्रीक 'प्तोसिस' आणि आपला 'पत्' धातू हे एकाच कुळातले मानले जातात. म्हणजे शब्द तसा लांबचा नाही.

मग मराठीत 'गळणं' का नको? पानगळ आपल्याकडे आहेच. शिवाय शेतकऱ्याच्या बोलण्यात कापसाची पातेगळ, बोंडगळ, संत्र्याची फळगळ रोजची आहे. त्या गळी नुकसानीच्या, पानगळ मात्र ऋतूची : झाड स्वतःच देठाशी एक थर तयार करतं आणि पान सुटतं, जखम उघडी राहत नाही. त्याच धर्तीवर 'पेशीगळ' म्हणता येईल. पहिल्या वेळी 'अपॉप्टोसिस म्हणजे पेशीगळ' असं लिहावं आणि पुढे नुसतं 'पेशीगळ'.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू, म्हणजे 'आत्महत्या' कुठे अडखळते ते दिसेल. विषाणूने घर केलेल्या पेशीला मारक टी पेशी (एक प्रकारची रोगप्रतिकारक पेशी) बिलगते. बिलगल्यावर टी पेशीच्या आतला सेंट्रोसोम (पेशीतल्या वाहतुकीच्या तंतूंचं केंद्र) सरकत सरकत थेट त्या स्पर्शाच्या जागी येऊन टेकतो. त्याच्या मागोमाग विषारी ऐवजाने भरलेल्या कणिका तिथे गोळा होतात आणि दोन पेशींमधल्या चिंचोळ्या फटीत रिकाम्या होतात. त्यातलं परफोरिन समोरच्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, आणि ग्रॅन्झाइम आत शिरतात. ग्रॅन्झाइम-बी हे कातर चालवणारं प्रथिन. ते त्या पेशीतल्याच कॅस्पेजना, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकरांना, जागं करतं, आणि पुढची मोडतोड बाधित पेशीची स्वतःची यंत्रणा करते. पेशी आकसते, पृष्ठभागावर फुगे येतात, तिचे आवरणासकट तुकडे होतात. एरवी पडद्याच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेदद्रव्य बाहेर येतं, आणि ती खूण ओळखून मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते तुकडे गिळून टाकतात. या गिळण्याला 'एफेरोसायटोसिस' म्हणतात. त्यातलं लॅटिन क्रियापद प्रेत दफनासाठी बाहेर नेण्याला वापरत. आपण सरळ 'मूठमाती' म्हणू शकतो.

हत्यार पेशीचं स्वतःचं, पण चालवायला लावलं दुसऱ्याने. याला आत्महत्या कशी म्हणायची? मराठी व्याकरणात यासाठी तयार सोय आहे : मरणे–मारणे, गळणे–गाळणे, फुटणे–फोडणे. टी पेशी बाधित पेशीला गाळते. नेक्रोसिसमध्ये मात्र पेशी फुगते आणि फुटते, आतला ऐवज सांडतो, आसपास दाह होतो. तिसरा प्रकार पायरोप्टोसिस, हे नाव 2001 सालचं. त्यातला 'पायरो' म्हणजे अग्नी. जंतू शिरलेली मॅक्रोफेज पेशी गॅसडर्मिन-डी या प्रथिनाने स्वतःच्याच पडद्याला छिद्रं पाडते, आणि इंटरल्यूकिन-1 हे संदेशवाहक प्रथिन बाहेर पडून दाहाची हाक जाते. गळणे, फुटणे आणि दाह पेटवत फुटणे, एवढी तीन क्रियापदं नीट वापरली तरी वाचकाला पुष्कळ समजतं.

'नियमन' ठेवा, पण कशाचं ते लिहा. कारण मृत्यू रोगप्रतिकारक पेशींच्याही वाट्याला येतो. संसर्ग आटोक्यात आला की लढायला वाढलेल्या टी पेशींपैकी सुमारे 90 टक्के किंवा त्याहूनही अधिक मरतात. जगवणारे संकेत आटतात आणि पेशीगळ सुरू होते. फॅस नावाच्या ग्राहकाच्या (मरणाचा संकेत घेणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या) जनुकात दोष असला तर या पेशी साठत जातात, लसीकाग्रंथी आणि पाणथरी सुजतात. परफोरिनच्या जनुकातला दोष तर लहान बाळांच्या जिवावर उठतो : मारक पेशींना मारता येत नाही, म्हणून त्या थांबतही नाहीत, आणि दाह विझत नाही. या आजाराचा परफोरिनशी असलेला संबंध 1999 साली उघड झाला. म्हणजे इथे मारणं हाच लगाम आहे, आणि 'नियमन' या शब्दाचा खरा अर्थ तोच.

आता 'पुटिका'. शब्द चांगला आहे, ठेवा. संस्कृत 'पुट' म्हणजे घडी, दुमड, पोकळी : नासापुट, ओष्ठपुट, संपुट. याच घराण्यातून प्राकृतातून घासत आलेली आपली 'पुडी'. वैद्याच्या औषधाची, अंगाऱ्याची. आवरणात थोडासा ऐवज, बाहेर पाठवण्यासाठी बांधलेला, ही कल्पना दोन्हींत एकच. त्वचारोगाच्या मजकुरात मात्र 'व्हेसिकल' म्हणजे पाण्याने भरलेली बारीक पुळी, तिथे 'पुटिका' लिहू नये.

'मुक्त करणे' मात्र काढून टाका. बंदिवान मुक्त करतात. बाण, पाणी, हुकूम आपण सोडतो. संप्रेरक स्रवतं, पुटिका सोडली जाते. इथेच एक बारकावा आहे, आणि बहुतेक अनुवाद तिथे घसरतात. वर सांगितलेल्या मारक कणिकेचं आवरण पेशीच्या पडद्यात मिसळतं, आणि बाहेर जातो तो आतला ऐवज. ही कणिका 'रिकामी केली', 'सोडली' नाही. एक्झोसोम मात्र साधारण 30 ते 150 नॅनोमीटरची, आवरणासकट बाहेर पडणारी खरी पुटिका, ती 'सोडली'. फरक वैद्यकातही मोलाचा आहे. वर सांगितलेल्या बाळांच्या आजाराच्याच दुसऱ्या एका प्रकारात परफोरिन ठीक असतं, कणिका पडद्याशी येऊन उभ्याही राहतात, पण उघडत नाहीत. दोष एमयूएनसी-13-4 या प्रथिनात असतो. 'पुटिका मुक्त होत नाहीत' असं लिहिलं तर हे कळणारच नाही.

'प्रभावक' मला कोरडा वाटतो. 'इफेक्टर' म्हणजे प्रत्यक्ष काम उरकणारा. संदर्भ मारण्याचा असेल तर 'मारक' लिहावं. वाक्य असं करता येईल : 'कोणत्या पेशीने कधी आणि कोणत्या रीतीने मरायचं, हे रोगप्रतिकारक पेशी बऱ्याच अंशी ठरवतात, आणि त्यासाठी मारक पुटिका सोडतात.' मूळ मजकूर कणिकांबद्दल असेल, तर शेवट 'मारक कणिका रिकाम्या करतात'.

मूळ मजकूर अलीकडचा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. 2020 साली ऑक्सफर्डच्या मायकल डस्टिन यांच्या गटाने मारक टी पेशी सोडतात असे सुमारे 120 नॅनोमीटरचे कण दाखवले. आत परफोरिन आणि ग्रॅन्झाइम, बाहेर थ्रॉम्बोस्पॉन्डिन-1 सारख्या शर्करायुक्त प्रथिनांचं कवच. टी पेशी निघून गेल्यावरही हे कण मागे राहतात आणि मारू शकतात. त्यांना मेदाचा पडदा नसतो, म्हणून ती पुटिका नव्हे. त्यांना 'मारककण' म्हणावं.