चिठ्ठ्या खऱ्या, तरी संघ एकतर्फी

प्रश्न : मॅडम, नमस्कार. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या लेआउटमध्ये मी उन्हाळी शिबिर घेते. २४ मुलं आहेत, ८ ते १४ वर्षांची. खो-खोसाठी चिठ्ठ्या टाकून १२-१२ चे दोन संघ पाडले. सहा मुलं फार चपळ आहेत, त्यातली पाच एकाच संघात गेली. आता पालक म्हणतात, मी ठरवून केलं. शिवाय दोघी जुळ्या बहिणी वेगवेगळ्या संघात गेल्या म्हणून रडताहेत. पुन्हा चिठ्ठ्या टाकू का?
— एक आई, नागपूर

उत्तर : पुन्हा टाकू नका. हे आधी सांगते, कारण ती चूक माझ्या हातून झाली आहे. शाळेत ३१ वर्षं पीटी शिकवली. एका वर्षी सामन्यांची सोडत काढली, एका पालकांनी तक्रार केली आणि मी ती दुसऱ्यांदा काढली. पुढे वर्षभर, ज्यांना संघ आवडला नाही ती पोट्टी माझ्यासमोर येऊन उभी राहायची, "मॅडम, अजून एकदा." त्यांना नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. तुमचे हे संघ या आठवड्यापुरते खेळू द्या.

तुमच्यावरचा आरोप वाचून मला वाईट वाटलं, म्हणून कागद घेऊन हिशेबच केला. २४ मधून १२ जण २७,०४,१५६ प्रकारे निवडता येतात. त्यात सहा चपळ मुलं बरोबर ३-३ वाटली जातात ती शंभरात ३६ वेळाच. ४-२ अशी जवळपास ४९ वेळा, ५-१ अशी १४ वेळा, आणि सहाच्या सहा एकीकडे एखाद्या वेळी. म्हणजे तुमच्यासारखी सोडत दर सहा-सात वेळांत एकदा निघते, कोणी काही न करता. हा कागद पालकांना दाखवा. चिठ्ठी कोणाची बाजू घेत नाही एवढंच तिचं काम. संघ तुल्यबळ करणं हे तिच्याकडून होत नाही.

फक्त एक आठवून बघा, चिठ्ठ्या मिसळल्या कशा होत्या? यादीच्या क्रमाने लिहून डब्यात टाकल्या आणि डबा दोनदा हलवला, तर पहिली नावं तळाशीच राहतात. यादी वयाप्रमाणे असेल तर मोठी मुलं सगळी वरच्या थरात. अमेरिकेत १९६९ साली सैन्यभरतीसाठी जन्मतारखांच्या ३६६ कुप्यांची सोडत झाली. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या, नीट घुसळल्या नव्हत्या, आणि वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलांचे नंबर जास्त करून आधी लागले. सोडत सैन्याची असो नाहीतर लेआउटमधली, सगळ्या चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या हव्यात, आणि बादलीत कोपरापर्यंत हात घालून तळापासून वर उपसायला हव्यात.

पण पुढच्या वेळी चिठ्ठ्या नकोतच. आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत खेळायचो तशा जोड्या लावा. दोन कॅप्टन ठरायचे. बाकीच्यांनी आपल्या तोडीचा भिडू शोधायचा, दोघांनी पाण्याच्या टाकीमागे जाऊन कानात नावं ठरवायची आणि गळ्यात हात टाकून यायचं : "चंद्र घेता का सूर्य?" ज्या कॅप्टनची पाळी त्याने सांगायचं, उरलेला दुसऱ्या कॅप्टनकडे. चंद्र कोण हे तेव्हा कळायचं. आणि "मला कोणी घेतच नाही" म्हणून शेवटपर्यंत उभं राहायची पाळी एकाही पोरावर यायची नाही. मला ही पद्धत त्यासाठीच सगळ्यात जास्त आवडते.

तुल्यबळ म्हणजे काय, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. हुलकावणी देणारीसमोर हुलकावणी देणारी, खांबावर सूर मारणाऱ्यासमोर सूर मारणारा. सहा चपळ मुलांच्या तीन जोड्या झाल्या की ती ३-३ च वाटली जाणार, आणि तरीही १२ जोड्यांतून संघ ४,०९६ प्रकारे पडू शकतात. लबाडी एकाच ठिकाणी होते : कॅप्टनचा दोस्त आधीच सांगून ठेवतो, "मी सूर्य होतो, मला घे." म्हणून कॅप्टनला विचारू नका. दोन्ही कॅप्टनचीही एक जोडी धरा आणि प्रत्येक जोडीसाठी सगळ्यांसमोर नाणं उडवा.

जुळ्या बहिणींना एकत्र ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण नाणं उडवायच्या आधी सगळ्यांना सांगून. त्या दोघी मिळून एक भिडू, आणि समोर त्यांच्याच तोडीच्या दोन मुली. उरलेल्या वीस जणांच्या दहा जोड्या.

आणि सकाळी सहाला सगळं झाल्यावर पंचविसावं पोट्टं डोळे चोळत आलं, तर त्याच्यासाठीही नाणं उडवा, आणि मध्यंतरानंतर त्याला दुसऱ्या संघात पाठवा.