लस, पक्ष आणि बातमी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचा टॉवेल-चादरींचा लहानसा कारखाना असून आम्ही तिघे भाऊ एकत्र राहतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील एक तरुण हृदयविकाराने अचानक गेला. तेव्हापासून धाकटा भाऊ म्हणतो की, हा कोरोनाच्या लसीचा परिणाम असून केंद्र सरकार तो दडपत आहे. पुरावा म्हणून तो कर्नाटकातील हासनच्या बातम्या दाखवतो. थोरले दादा म्हणतात की, लसीवर शंका घेणारे सगळे विरोधी पक्षाचे आणि देशाचे वाईट चिंतणारे. धाकट्याची मुलगी नऊ महिन्यांची झाली आहे, पण तिला गोवर-रुबेलाची लस द्यायला तो तयार नाही. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी मुलीचे पाहू, कारण भावांचा वाद दिवाळीपर्यंत लांबला तरी चालेल, तिची लस लांबलेली चालणार नाही. गोवर-रुबेलाची लस आणि कोरोनाची लस यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. गोवराची लस जगभर साठ वर्षे वापरात आहे. तिच्यावर सर्वांत मोठा आरोप झाला तो १९९८ साली, अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या बारा मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला तेव्हा. तो लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. उलट लस चुकली की काय होते, ते २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात दिसले. गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. लस दिल्यावर साधारण आठवडाभराने थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकते, हे धाकट्या भावाला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर त्या दिवशी घरात पुन्हा रणधुमाळी माजेल.

आता हासन. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हासन जिल्ह्यात महिनाभरात हृदयविकाराने वीसहून अधिक मृत्यू झाल्याचे सांगून, कोरोनाच्या लसीला घाईने दिलेली मंजुरी हेही त्यामागचे एक कारण असू शकते, असे म्हटले. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी ते खोडून काढले. आपल्याकडे विजापूर-कलबुर्गीचे येणे-जाणे रोजचे, त्यामुळे हे विधान सोलापुरात पोहोचायला वेळ लागला नसणार. मात्र त्यानंतर जे झाले ते फार थोड्यांनी पाहिलेले दिसते : खुद्द कर्नाटक सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीलाही लस आणि हे मृत्यू यांच्यात थेट संबंध आढळला नाही. म्हणजे धाकट्या भावाचा केंद्रावर विश्वास नसेल तर हरकत नाही. ज्यांच्यावर त्याचा विश्वास आहे, त्यांनी नेमलेल्या लोकांनी काय सांगितले एवढे त्याने वाचावे.

या बाबतीत एक साधी अडचण कायम विसरली जाते. देशात कोरोना लसीचे दोनशे कोटींहून अधिक डोस दिले गेले. बहुतेक प्रौढांनी लस घेतलेली असल्यामुळे आज जो तरुण अचानक जातो, तो बहुधा लस घेतलेलाच असतो, जसा तो बहुधा मोबाईल वापरणाराही असतो. त्यामुळे ‘त्याने लस घेतली होती’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. गेलेल्यांची तुलना तशाच, पण जिवंत असलेल्या लोकांशी करावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, नेमके तेच केले. देशभरातील ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाचे, अचानक मृत्यू पावलेले ७२९ जण आणि त्याच परिसरातील, त्याच वयाचे २,९१६ जण यांची तुलना झाली. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी आढळल्या त्या अशा : कोरोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात कोणाचा तरी असाच अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत केलेले अति मद्यपान आणि अंगाला न झेपणारे श्रम. आपल्या गल्लीतील तरुणाचे यांपैकी काय होते, हे येथून सांगता येणार नाही, आणि त्याच्या घरच्यांना उठसूट ते विचारूही नये.

थोरल्या दादांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. लसीविषयी शंका घेणारा प्रत्येक जण विरोधी पक्षाचा, हे म्हणणे तितकेच चुकीचे आहे. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी मर्यादित वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ती किती परिणामकारक ठरते याची आकडेवारी आलेली नव्हती. अंतरिम आकडे दोन महिन्यांनी आणि अंतिम आकडे सहा महिन्यांनी आले. त्या वेळी ‘आकडे कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्यांत लसीकरणाच्या बाजूने आयुष्य घालवलेले डॉक्टरही होते. मंजुरी घाईने दिली का, हा एक प्रश्न आहे. लसीने माणसे मारली का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असले म्हणून दुसऱ्याचेही ‘होय’ ठरत नाही. धाकटा भाऊ पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि दादा दुसरा खोटा म्हणून पहिलाही विचारू देत नाहीत.

हा घोळ घालण्यात पक्षांनीही हातभार लावला आहे. लसीकरण सुरू होण्यापूर्वीच अखिलेश यादव यांनी आपण ‘भाजपची लस’ घेणार नाही असे जाहीर केले आणि पाच महिन्यांनी ‘भारत सरकारची लस’ घेऊ असे सांगितले; लस मधल्या काळात बदलली नव्हती. दुसरीकडे प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचे छायाचित्र आले, तर छत्तीसगड, झारखंड आणि पश्चिम बंगाल या राज्यांनी आपापल्या मुख्यमंत्र्यांची छायाचित्रे लावली. औषधाच्या कागदावर पुढाऱ्याचा चेहरा छापला की पुढाऱ्यावरचा राग औषधावर निघणारच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगतानाच सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले आणि लसीनंतर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी लोकांसमोर ठेवण्याचा आदेश दिला. दोन्ही भावांनी त्यातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग ऐकला असावा, असा मला दाट संशय आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून रोज दोन वर्तमानपत्रे वाचतो. २०२४ मध्ये ‘लसीने रक्ताच्या गुठळ्या होतात, कंपनीची कबुली’ असे मथळे आले आणि दुसऱ्या दिवशी ‘घाबरण्याचे कारण नाही’ असे. वाचकाने काय समजावे? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बातमी खोटी नव्हती, शिळी होती. आपल्याकडे कोव्हिशील्ड म्हणून दिलेल्या ॲस्ट्राझेनेकाच्या लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, हे युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केले होते. ब्रिटनने त्याच वसंतात चाळिशीच्या आतील लोकांना शक्यतो दुसरी लस देण्याचे ठरवले. तीन वर्षांनी ब्रिटिश न्यायालयातील दाव्याच्या कागदपत्रांत कंपनीने तेच मान्य केले, तेव्हा आपल्याकडे निवडणुकीचा हंगाम होता आणि मथळे मोठे झाले. त्याच सुमारास प्रमाणपत्रावरून पंतप्रधानांचे छायाचित्र गेले, तेव्हा लोकांनी दोन्हींची सांगड घातली. प्रत्यक्षात ते आचारसंहितेमुळे काढले होते.

त्या बातम्यांत एक वाक्य हवे होते आणि ते बहुतेक ठिकाणी नव्हते : हा त्रास लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसमुळे २०२४ मध्ये त्या प्रकारची गुठळी होत नाही. तसेच अमेरिकेतून येणाऱ्या चित्रफितींत हृदयाच्या स्नायूंना येणाऱ्या ज्या सुजेची चर्चा असते, ती मुख्यतः फायझर आणि मॉडर्नाच्या लसींसंबंधी आहे, आणि त्या लसी आपल्या मोहिमेत दिल्याच गेल्या नाहीत. म्हणून बातमी हाती आली की कोणती लस, कोणता त्रास आणि किती दिवसांनी, एवढे पाहावे. यातले काहीच न सांगणारा मथळा कितीही मोठ्या टायपात असला तरी पान उलटावे.

वर्तमानपत्रेच टाकून देऊ नयेत, यालाही कारण आहे. वेकफिल्ड यांचा दावा गाजवला वृत्तपत्रांनी, तसाच तो उघडा पाडला तो ब्रायन डीअर या पत्रकाराने ‘संडे टाइम्स’मध्ये. आपल्याकडचे उदाहरण त्याहून जुने आहे. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन १९०२ मध्ये संकटात सापडले, कारण पंजाबातील मुल्कोवाल येथे त्यांच्या लसीनंतर १९ जण धनुर्वाताने गेले. सरकारने त्यांना दूर केले. दोष लसीचा नव्हता, गावात बाटली उघडताना झालेल्या हयगयीचा असावा, हे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. मृत्यू खरे होते, हे मात्र कोणी नाकारले नाही.

प्रश्न : मी सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात आशा स्वयंसेविका आहे. विडी कामगार बायका म्हणतात, ‘ताई, तुम्हाला पैसे मिळतात म्हणून तुम्ही लस घ्या म्हणता.’ काय उत्तर देऊ? — एक वाचक

उत्तर : पैसे मिळतात, हे सरळ सांगा. बाळाचे लसीकरण पूर्ण झाल्यावर आशाताईंना मोबदला मिळतो, आणि तो कामाच्या मानाने फार थोडा आहे, हेही सांगा. मग आईला सत्राच्या ठिकाणी जवळ बोलवा. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि समोरच द्रावण मिसळून तयार होते. मिसळण्यापूर्वी कुपीवरची वर्तुळातल्या चौकोनाची खूण तिला दाखवा, चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. कुपी किती वाजता तयार केली ते नर्सताईंना तिच्या देखत लेबलावर लिहायला सांगा, कारण चार तासांनंतर उरलेली लस फेकून द्यावी लागते. सुई आणि सिरिंज तिच्यासमोर पाकिटातून काढली जावी. टोचल्यावर अर्धा तास तिला तिथेच बसवून घ्या, आणि घरी गेल्यावर बाळाला काही झाले तर कोणाला फोन करायचा तो नंबर कार्डावर लिहून द्या. ज्या बायकांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तो तेलुगूत लिहा.