प्लेटलेट्स चढवताना थंडी वाजली, रक्तात जंतू होते का?

प्रश्न : माझ्या दिरांना डेंग्यू झाला म्हणून वाशीला ॲडमिट केलं होतं. काउंट १८ हजारांवर आला तेव्हा प्लेटलेट्स आणायला सांगितल्या, आमचे हे ठाण्याहून बॅग घेऊन निघाले तर वाटेत ट्रॅफिक, सासूबाई फोनवर म्हणाल्या बर्फात ठेव नाहीतर खराब होईल. चढवताना दिरांना जोरात थंडी भरली, सिस्टरनी लगेच बंद केलं. आता बरे आहेत. पण रक्त टेस्ट केलेलं असतं ना, मग त्यात जंतू कसे येतील?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : सिस्टरनी अगदी योग्य केलं. "रक्त चढताना वाजतेच थंडी" म्हणून वर चादर घालणारे खूप बघितलेत, तसं कधीच करू नका.

टेस्टचं म्हणाल तर आपल्याकडे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या ५ तपासण्या सक्तीच्या आहेत, बॅक्टेरियाचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी टेस्ट) त्यात नाही. आणि बॅक्टेरिया येतात ते बहुतेक वेळा दात्याच्या कातडीवरूनच, सुई टोचताना, कितीही नीट पुसलं तरी आतल्या थरात थोडे राहतात, म्हणून काही बॅगांना छोटा पाउच असतो आणि सुरुवातीचं साधारण ३० एमएल रक्त त्यात वळवतात. कधी दात्याच्या रक्तातच असतात आणि त्याला पत्ताही नसतो. तेव्हा सोसायटीच्या कॅम्पमध्ये फॉर्म भरताना दात काढलाय, जुलाब झाले होते, ताप होता हे प्लीज लपवू नका.

लाल पेशी २ ते ६ डिग्रीला ठेवतात, तिथे यर्सिनियासारखे थोडे सोडले तर जंतू फारसे वाढत नाहीत. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ डिग्रीला, मशीनवर सतत हलवत, ५ दिवस ठेवतात, कारण गार केल्या तर अंगात गेल्यावर फार टिकत नाहीत, आणि नेमकं हेच तापमान जंतूंना मानवतं. म्हणून सगळ्यात जास्त धोका प्लेटलेट्समध्ये. बॅग बर्फात नको, वॉर्डच्या फ्रीजमध्ये नको, आणली की लगेच चढवायची.

दिरांना जंतूंमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, साध्या रिॲक्शननेही थंडी वाजते. पण थंडी, ताप आणि बीपी पडणं एकत्र आलं तर जीवावर बेतू शकतं, आणि अशा वेळी बॅग नळीसकट ब्लड बँकेत परत जायला हवी, बॅगेचं आणि पेशंटचं दोघांचं कल्चर व्हायला हवं. बॅग कचऱ्यात गेली की कारण कळायचं राहतंच. देशात २०१२पासून हिमोव्हिजिलन्स प्रोग्राम आहे, तिथे अशा रिॲक्शन कळवायच्या असतात. डिस्चार्जच्या फाइलमध्ये याची नोंद आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा.

अजून एक, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय. डेंग्यूमध्ये ब्लीडिंग नसेल तर १८ हजारांवर बहुतेकांना प्लेटलेट्स लागत नाहीत, साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर किंवा ब्लीडिंग असेल तर देतात. पुढच्या वेळी धावाधाव करण्याआधी डॉक्टरांना विचारा, ब्लीडिंग आहे म्हणून देताय की नुसता आकडा बघून?