नऊ आठवड्यांचे ग्रेट डेन पिल्लू: शी-शूची सवय आणि दिवसभराची व्यवस्था

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रेट डेन जातीचे नऊ आठवड्यांचे मादी पिल्लू आठ दिवसांपूर्वी घरी आले आहे. तुम्ही दोघेही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कामावर असता. पुढे पुन्हा खर्च नको म्हणून पूर्ण वाढीच्या कुत्र्याच्या मापाचा क्रेट, म्हणजे कुत्र्याला ठेवायचा गजांचा पिंजरा, आताच घेतला आहे, आणि पिल्लू त्याच्या एका टोकाला झोपते व दुसऱ्या टोकाला शी-शू करते. बाहेर वीस मिनिटे फिरवले तरी काही करत नाही, आणि घरात पाऊल ठेवताच फरशीवर शू करायला बसते. म्हणून तिला क्रेटमध्ये अधिक वेळ ठेवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

ठेवू नये. क्रेट किंवा घरातले जाळीचे कुंपण हे शिकवण्याचे साधन नाही. बाहेर नेण्याच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चूक घडू न देणे एवढेच त्याचे काम आहे. शिकवणे होते ते तुम्ही पट्टा धरून तिच्याजवळ उभे असता त्या पाच मिनिटांत. ही पाच मिनिटे दिवसातून आठ-दहा वेळा मिळाली तर पिल्लू लवकर शिकते. मिळाली नाहीत तर कितीही उत्तम क्रेट असला तरी ते शिकत नाही, फक्त कोंडले जाते.

क्रेटचा उपयोग मुळात ज्या प्रवृत्तीवर उभा आहे, ती पिल्लात फार लवकर दिसते. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे आईच चाटून पिल्लाला शी-शू करायला लावते आणि जागा स्वच्छ ठेवते. तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लू स्वतः लडखडत झोपायच्या जागेपासून थोडे दूर जाऊन उरकू लागते. अंथरूण घाण करायचे नाही, ही ओढ तिथून येते. मात्र ही ओढ मूत्राशयाच्या ताकदीपेक्षा मोठी नसते. पिल्लाला रोखून धरता येईल त्याहून अधिक वेळ बंद ठेवले, तर ते नाइलाजाने अंथरुणातच करते, आणि असे वारंवार झाले की त्याला त्याचे काही वाटेनासे होते. अरुंद पिंजऱ्यात स्वतःच्या घाणीत वाढलेली पिल्ले शिकवायला सर्वांत अवघड जातात ती याच कारणाने. तुमची पिल्ली निदान झोपायची जागा वेगळी ठेवते आहे, म्हणजे तिची प्रवृत्ती शाबूत आहे. ती शाबूत राहील एवढेच आता पाहायचे आहे.

किती वेळ रोखता येते, याचा ढोबळ हिशेब असा सांगतात की पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा आणि तेवढे तास धरावेत. म्हणजे तुमच्या पिल्लीसाठी फार तर तीन तास, आणि तेही ती शांत पडून असेल तर. जागे असताना, खेळताना, पाणी प्यायल्यावर हाच अवधी अर्ध्या तासावर येतो. इथे मोठ्या जातीच्या पिल्लांवर नकळत अन्याय होतो. चार महिन्यांचे ग्रेट डेन वीस-पंचवीस किलोंचे होते, दिसायला पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासारखे होते, आणि 'एवढा मोठा झालास तरी कळत नाही का' असे घरातले बोलू लागतात. देह मोठा असला तरी वय चारच महिन्यांचे असते. लघवीवरचा ताबा चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान हळूहळू येतो, आणि आकारामुळे तो लवकर येत नाही. फक्त फरशीवरचे तळे मोठे असते.

क्रेटचे माप लगेच सुधारता येईल. प्रौढ ग्रेट डेनसाठी साधारण ५४ इंच लांबीचा क्रेट लागतो, आणि त्यात नऊ आठवड्यांच्या पिल्लाला झोपण्याची खोली व शौचालय अशा दोन्ही सोयी मिळतात. बहुतेक मोठ्या क्रेटांबरोबर मध्ये घालण्याची जाळी येते. ती लावून इतकीच जागा ठेवावी की पिल्लाला ताठ उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल. ही जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी मागे सरकवावी लागेल, कारण ही पिल्ले बघता बघता वाढतात. क्रेटमध्ये ठेवताना गळ्यातला पट्टा न विसरता काढावा. तो गजात अडकून पिल्लाचा गळा आवळला जाण्याचा धोका खरा आहे.

मात्र हा छोटा केलेला क्रेट दिवसभरासाठी नाही. तो रात्रीसाठी आणि तुम्ही घरात असताना तास-दीड तासाच्या झोपेसाठी आहे. स्वीडनमध्ये तर घरात कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडून ठेवायला कायद्याने मनाई आहे, आणि प्रौढ कुत्र्यालाही दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावे लागते, पिल्लांना त्याहून लवकर. मी स्वतः क्रेटच्या विरोधात नाही, पण नऊ तासांची अनुपस्थिती क्रेटने भरून काढता येत नाही याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: मधल्या वेळात येणारे माणूस आणि ऐसपैस कुंपण.

माणसाचे आधी सांगतो, कारण त्याला पर्याय नाही. पहिले दोन महिने दिवसातून निदान दोनदा कोणीतरी येऊन तिला बाहेर नेले पाहिजे, खायला घातले पाहिजे आणि थोडा वेळ तिच्याबरोबर घालवला पाहिजे. या वयाच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते, त्यामुळे ही फेरी तशीही टळणार नाही. दोघांच्या कामाच्या वेळा थोड्या पुढे-मागे करता आल्या, एखाद्या नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला सांगता आले, मोबदला देऊन कोणी ठेवता आले, तर ते आताच जमवावे. सहा महिन्यांनंतर एका फेरीवर येता येईल.

या फेऱ्यांच्या मधल्या वेळासाठी जाळीचे सुटे कुंपण लावावे किंवा एखादी रिकामी खोली दाराला फाटक लावून वापरावी. एका टोकाला दार उघडे ठेवलेला क्रेट व अंथरूण, जवळ पाण्याचे जड भांडे, आणि शक्य तितक्या दूरच्या टोकाला शी-शूची जागा. क्रेटमध्ये एकच खोली असते म्हणून पिल्लाची कोंडी होते. इथे त्याला प्रवृत्तीप्रमाणे अंथरुणापासून दूर जाता येते. मोठ्या जातीसाठी कुंपण निदान तीन फूट उंचीचे घ्यावे, पुढे चार फूट लागेल, आणि ते भिंतीला पक्के बांधावे; मोकळे ठेवलेले कुंपण तीन महिन्यांचे ग्रेट डेन खांद्याने ढकलत घरभर नेते. खाली गुळगुळीत फरशी असेल तर न घसरणाऱ्या रबरी चटया अंथराव्यात, कारण झपाट्याने वाढणाऱ्या सांध्यांना रोजचे घसरणे चांगले नाही. विजेच्या तारा, पडद्यांची टोके, पायमोजे तिच्या तोंडाच्या टप्प्यात नकोत. आणि लघवी कमी व्हावी म्हणून दिवसा पाणी काढून घेणे हा उपाय तर मुळीच करू नये.

शी-शूच्या जागेवर काय पसरावे, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. पिल्लाला 'आत' आणि 'बाहेर' अशी कल्पना आधी येत नाही. पायाखाली काय लागते ते आधी पक्के होते. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास ही पसंती घडू लागते आणि एकदा घडली की चिवट असते. माझ्या पहिल्या कुत्रीला, ती जर्मन शेफर्ड होती, मी धुवायला सोपे म्हणून दिवसा बाथरूममध्ये ठेवत असे. दीड महिन्यात ती अगदी नीट शिकली: फरशी म्हणजे शू करायची जागा. त्यानंतर ती गवतावर तासभर फिरायची, घरी यायची आणि थेट बाथरूमच्या दारात उभी राहायची. ते मोडायला मला चार महिने लागले, आणि त्यात चूक तिची नव्हती. म्हणून मोठेपणी तिने ज्यावर करावे असे वाटते तेच आता पायाखाली द्यावे. पसरट, काठ असलेल्या ट्रेमध्ये खऱ्या गवताचा तुकडा किंवा माती चांगली. लघवी शोषून घेणारे, कापडासारखे लागणारे पॅड मी मोठ्या जातीच्या पिल्लांना देत नाही: पायाला ते पायपुसण्यासारखेच लागतात, एवढी लघवी त्यात मावत नाही, आणि कंटाळलेले पिल्लू ते फाडून गिळते. नाइलाजाने वापरलेच तर कोणीतरी समोर असतानाच वापरावेत.

कुंपणाची सवय तुम्ही कामावर जाता त्या दिवसापासून सुरू करू नये. सुट्टीच्या दोन दिवसांत तिचे सगळे खाणे कुंपणात द्यावे, तुम्ही बाहेर बसून वाचावे, मग दुसऱ्या खोलीत जावे, मग पाच मिनिटे, वीस मिनिटे घराबाहेर. रडली तर आधी शंका लघवीची धरावी: पट्टा लावून बाहेर न्यावे, न बोलता, न खेळता पाच मिनिटे उभे राहावे आणि परत आणावे. केवळ कुरकुर असेल तर ती काही मिनिटांत थांबते. पण तोंडातून लाळ गळणे, गज चावणे, दारावर पंजे मारत राहणे हे दिसले तर ती कुरकुर नव्हे, ती भीती आहे. अशा वेळी क्रेटचे दार बंद करणे थांबवावे आणि सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी.

आता बाहेरचे वीस मिनिटे. ती बाहेर करत नाही कारण तुम्ही तिला फिरवता. वास, आवाज, माणसे, पाने यांत तिचे लक्ष गुंतते, आणि घरी येऊन सगळे शांत झाले की शरीराला आठवण होते. शिवाय बाहेर केल्याबरोबर तुम्ही तिला परत आणत असाल, तर लघवी केली की मजा संपते, असे ती शिकते. क्रम उलटा करावा. दर वेळी एकाच जागी जावे, आखूड पट्टा धरून झाडासारखे उभे राहावे, तिला पुढे-मागे हुंगू द्यावे. ती बसली की एखादा ठरलेला शब्द हळू आवाजात उच्चारावा, आणि उठल्याबरोबर, तिथल्या तिथे, खाऊ द्यावा. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात आल्याबद्दल मिळाला असेच तिला वाटते. फिरायला न्यायचे ते त्यानंतर, बक्षीस म्हणून. पाच-सात मिनिटांत काही झाले नाही तर घरात यावे, पण तिला मोकळे सोडू नये: दहा-पंधरा मिनिटे छोट्या क्रेटमध्ये किंवा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून जवळ ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी न्यावे. घरात पाऊल ठेवताच फरशीवर बसण्याची तुमची तक्रार या एका बदलाने बहुधा आठवड्यात कमी होईल.

वेळा ठरलेल्या असतात: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत, खेळता खेळता अचानक थांबून जमीन हुंगू लागली की, आणि झोपण्यापूर्वी. खाणे ठरावीक वेळी दिले आणि वीस मिनिटांनी भांडे उचलले तर शीची वेळही ठरते. आठवडाभर एका वहीत खाणे, झोप, शी, शू यांच्या वेळा लिहाव्यात. पहिल्या दोन दिवसांतच तिचे वेळापत्रक तुमच्यापुढे उभे राहील.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, अनोळखी कुत्री जिथे येतात ती जागा टाळावी, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. जिने असतील तर आता तिला उचलून न्यावे. न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या जातींच्या कुत्र्यांवर नॉर्वेत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याच्या विकाराचा धोका अधिक आढळला, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळे हिंडणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी आढळला. उचलणे पुढे तुमच्या पाठीला झेपणार नाही, तोवर ती पट्ट्यावर सावकाश उतरायला शिकलेली असावी.

घरात झालेल्या चुकीबद्दल रागावू नये. नाक घाणीत घासले की पिल्लू शिकते ते एवढेच की माणसासमोर करणे धोक्याचे आहे. मग ते बाहेर तुमच्यासमोरही करत नाही आणि घरात सोफ्यामागे जाऊन करते. समोर करताना दिसली तर हलकी टाळी वाजवून उचलून बाहेर न्यावे, नंतर सापडले तर मुकाट्याने पुसावे. पुसायला एन्झाइम असलेले, म्हणजे लघवीचा वास मोडून काढणारे, क्लीनर वापरावे. अमोनिया असलेले द्रव नको, त्याचा वास तिला लघवीसारखाच वाटतो. रात्री मध्ये एक-दोनदा गजर लावून उठणे काही आठवडे अटळ आहे. घरभर मोकळीक मात्र घाईने देऊ नये: एका खोलीत महिनाभर चूक झाली नाही की दुसरी खोली उघडावी.

एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. पाहुणे आले की उत्साहाने चार थेंब गळणे हे वयाबरोबर जाते. पण ती झोपेत किंवा चालताना सतत थेंबथेंब गळत असेल, मागचे केस कायम ओले राहत असतील, तर मूत्रनलिका जन्मतःच चुकीच्या जागी उघडण्याचा दोष असू शकतो. तो माद्यांमध्ये अधिक दिसतो, आणि त्यावर शस्त्रक्रिया असते, शिकवणी नव्हे. दर दहा मिनिटांनी बसून थोडी थोडी लघवी करणे, कुंथणे, लघवीत रक्त दिसणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. यांपैकी काही दिसले तर पशुवैद्याकडे जाताना सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना न्यावा. ती बसली की लांब दांड्याचा स्वच्छ डाव मागून हळूच सरकवला तर पहिल्या प्रयत्नात मिळतो.